माटोळीचे फोटो आणि हरवलेल्या तारखा

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरोघरी हिंडून माटोळ्यांचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटींचे, फोटो काढायचा माझा नाद तुम्हा मंडळींना ठाऊक आहेच. 2016 पासूनचे फोटो साठलेत, मधे तीन फोन झाले. गेल्या चवथीला ‘ही कवंडळं (माटोळीतली रानफळं) आधी कुणाकडे पाहिली होती’ हे शोधण्यात दीड तास गेला, तेव्हाच ठरवलं की यंदा पावसात हे फोटो नीट लावण्याशिवाय दुसरं काही करायचं नाही.

पहिला रविवार. गूगलची फुकटची 15 जीबी भरली. ही जागा फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल यांची सामाईक असते, आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपही तिच्यातच मोजतात. 1 जून 2021 च्या आधी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो मात्र मोजत नाहीत, म्हणून जुन्यांना हात लावला नाही. जागा खाल्ली होती व्हिडिओंनी. आरतीचे अकरा, त्यातले चार नुसते माझ्या अंगठ्याचे.

दुसरा रविवार. इथे मी माती खाल्ली. फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून फोटोजच्या अॅपमधूनच दोनशे फोटो उडवले. वर गूगलकडे आहेत ना, मग खालचे फोनमधले गेले तर गेले! पण तिथून उडवलं की वरचंही जातं. वहिनीने बाराव्या दिवशी एक फोटो मागितला म्हणून कळलं. बॅकअप झालेलं ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतं, त्यामुळे वाचलो. फक्त फोनवरचे काढायचे तर ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं.

त्यानंतरचे तीन आठवडे तारखांत गेले. वाळपईचा मावसभाऊ सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तिथून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख उरत नाही, त्यामुळे त्याच्या चार वर्षांच्या माटोळ्या एकाच दिवशी टांगल्यासारख्या दिसत होत्या. एका फोटोत कांगल्यांच्या (हेही माटोळीतलंच) घोसामागे भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. मोठं करून पाहिलं : सप्टेंबर, चवथ गुरुवारी 13 ला. म्हणजे 2018. दुसऱ्यात चवथ सोमवारी 2 ला, ते 2019. अशा एकशेचाळीस तारखा अॅपमध्ये हाताने बसवल्या.

मग टेकआउटने (गूगलमधला आपला साठा उतरवून घ्यायची सोय) सगळं उतरवून डिस्कवर घेतलं, आणि तारखा पुन्हा गायब! अॅपमध्ये बदललेली तारीख फोटोच्या आत लिहिलीच जात नाही, ती फोटोसोबत येणाऱ्या वेगळ्या जेसन (JSON) फाइलीत असते. कॅमेऱ्याने काढलेल्यांना काही झालं नाही, त्यांची तारीख एक्झिफमध्येच, म्हणजे फोटोच्या आतल्या माहितीतच, असते. आता एक्झिफटूल (ही माहिती बदलणारा प्रोग्राम) लावून जेसनमधली तारीख फोटोत भरतोय. साठ झाले, ऐंशी बाकी. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे आधी डिस्कवर करावं आणि मग वर चढवावं, माझ्यासारखं उलटं नको.

डिस्क हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आपल्याकडच्या आषाढात लेन्सला बुरशी येते, डिस्कचं काय सांगावं. दुसरी प्रत मडगावला बहिणीकडे ठेवायची आहे.

मावसभावाला बजावलंय, यापुढे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, म्हणजे तारीख टिकते. काल त्याचं पहिलं डॉक्युमेंट आलं. विजेचं बिल होतं.