माझी इकत साडी: पोचमपल्लीतले चार महिने

भाचीच्या बारशाला मी हौसेने इकत (धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात ती साडी) नेसून गेले होते. शेजारच्या अक्कांनी पदर हातात घेतला, उलटा केला आणि हळूच म्हणाल्या, "ही छापलेली आहे गं." मागची बाजू खरंच फिकी होती. दुकानदाराने हातमागाची म्हणून दिलेली साडी. मला रडूच यायचं बाकी होतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, घरात तेलुगू बोलतात, आणि त्यांचे नातलग तेलंगणात पोचमपल्लीला विणकाम करतात. "एक साडी समोर विणून घे, मग कळेल," असं त्या म्हणाल्या आणि फाल्गुनात मला घेऊनच गेल्या. हैदराबादहून पुढे बसने गेलो. 18 एप्रिल 1951 रोजी विनोबांना पहिलं भूदान मिळालं ते याच गावात, म्हणून पाटीवर 'भूदान पोचमपल्ली' असं लिहिलेलं असतं.

मला आईच्या जुन्या साडीसारखी हवी होती, बाण्यात (आडव्या धाग्यांत) आणि ताण्यातही (उभ्या धाग्यांत) नक्षी असलेली. विणकर अण्णांनी मान हलवली. ताणा एका साडीपुरता घालत नाहीत. एकदा घातला की त्यावर सात-आठ साड्या निघतात. एकीसाठी ताणा बांधून रंगवायचा म्हणजे बाकीच्या कोण घेणार? शेवटी ठरलं की ताणा साधा मरून आणि नक्षी बाण्यात. मी थोडी हिरमुसले, पण त्यांचं म्हणणं रास्त होतं.

बाण्याचं रेशीम आधी 'आसू'वर घेतात. एका टोकाला एक खुंटी, समोर अर्धगोलात पुष्कळ खुंट्या, आणि त्यांच्यामधून धागा सतत फिरवायचा. एका साडीसाठी हात हजारो वेळा पुढेमागे जातो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. त्या घरातल्या अम्मांनी खांद्याला हात लावून दाखवलं, "इथे अजून दुखतं." आता त्यांच्याकडे यंत्र आहे. चिंतकिंदी मल्लेशम यांनी आपल्या आईचा हा त्रास पाहून ते 1999 मध्ये तयार केलं आणि आईचंच नाव दिलं, लक्ष्मी आसू. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अम्मा त्या यंत्राबद्दल बोलत होत्या तेव्हा मला वाटलं, पुरस्कार कितीही मोठा असो, त्यांच्या खांद्यापेक्षा मोठा नाही.

मग बांधणी. पंख्यासारख्या पसरलेल्या धाग्यांवर नक्षीच्या खुणा करतात आणि जो भाग पांढरा राहायला हवा तो रबराच्या पट्ट्यांनी आवळून बांधतात. पहिला रंग देऊन झाला की त्यातला जो भाग तसाच ठेवायचा, तो बांधायचा आणि दुसऱ्या, गडद रंगात बुडवायचं. अण्णांनी मला एक छोटी लड दिली. मी दोन तास बांधत बसले, बोटं लाल झाली. रंगातून काढून गाठी सोडल्या, तर चौकोनाच्या जागी नुसता डाग! पट्टी सैल राहिली की रंग आत शिरतो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या शेजारी बसून पट्टी किती ताणायची ते पुन्हा दाखवलं. दुसरी लड जरा बरी झाली.

त्यात मला जे कळलं त्यासाठी पुन्हा दहा वेळा जाईन. उत्तम बांधलेल्या गाठीच्या कडेलाही रंग किंचित झिरपतोच, आणि मागावर धागे केसभर सरकतात. इकतच्या नक्षीची कड पिसासारखी धूसर दिसते ती त्यामुळे. कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसली, तर पदर उलटा करून बघावा.

आषाढात पुन्हा गेले तेव्हा माझी साडी मागावर होती, ठरल्यापेक्षा महिनाभर उशिराने. पावसात रंगवलेलं रेशीम लवकर वाळत नाही, आणि खड्ड्याच्या मागात ओल येते. धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे गेला की अण्णा दर वेळी थांबायचे, डोळे बारीक करून नक्षी जुळली का बघायचे, धागा काठाशी जरासा ओढून घ्यायचे. त्या ओढाताणीच्या बारीक-बारीक फासे काठाला राहतात. दिवसभरात त्यांनी वीत-दीड वीत विणलं असेल. मी खडखडणाऱ्या पॉवरलूमच्या आवाजात वाढले. एका धाग्यासाठी थांबलेला माग मी पहिल्यांदाच पाहिला. तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

साडी श्रावणात हातात आली. 12,500 रुपये दिले, आणि पैसे देताना ते मला कमी वाटले. मरून अंग, पदरावर पांढरे-काळे हत्ती. घरी आल्यावर अक्कांनी चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या आणि काठाच्या फाशांवरून बोट फिरवलं.

आईच्या साडीची नक्षी मात्र डोक्यातून गेली नव्हती. शाळेतल्या मैत्रिणींना विचारलं, आणि आता आम्ही सातजणी मिळून एक अख्खा ताणा घालतोय. ताणा सगळ्यांचा एकच, बाण्याचा रंग जिचा तिने निवडायचा. चौघींना हिरवाच हवा आहे. अण्णांनी कळवलंय की दिवाळीनंतर बांधायला घेऊ, तोवर रंग ठरवा.