संध्याकाळी उठणारं पुरळ

डॉक्टरांसमोर लेकीच्या अंगावर पुरळ कधी उठलंच नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला तिला हुडहुडी भरायची, ताप 103-104 वर जायचा आणि पोटावर, मांड्यांवर फिकट गुलाबी ठिपके यायचे. खाज नाही. वर्ण सावळा, म्हणून दिव्याजवळ नेऊनच दिसायचे. ताप उतरला की तेही गायब. सकाळी दवाखान्यात पोरगी खेळतेय, अंग स्वच्छ.

सासूबाईंनी गोवर ठरवून अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरला. गोवराची लस दोनदा झालीय म्हटलं, तर "तुमच्या लसी!" दवाखान्यात आधी व्हायरल, मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. असे पंधरा दिवस गेले.

शेवटी मी वही घातली. दर चार तासांनी ताप, आणि पुरळ उठलं की मोबाइलवर फोटो, फ्लॅश बंद करून; फ्लॅशमध्ये सगळं पांढरंफटक येतं. एका फोटोत चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ होता आणि ठिपके नेमके त्या वळावरच ओळीने उठलेले. पुण्यात मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टर त्याच फोटोवर थांबल्या.

"सकाळी उठल्यावर चालते कशी?"

म्हटलं, लाडावलीय, कडेवर घे म्हणते. त्यांनी तिचा गुडघा हातात घेतला. सुजलेला होता. आम्ही त्याला गुबगुबीत म्हणायचो.

फेरिटिन, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, हजारांच्या घरात आलं. पण तेवढ्यावर निदान होत नाही. कावासाकी, म्हणजे लहान मुलांना ताप आणून हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धरणारा आजार, नाही ना, म्हणून हृदयाची इको झाली. रक्ताचा कॅन्सर नाही ना, म्हणून बोन मॅरो. तो रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आजाराचं नाव निघालं सिस्टेमिक जेआयए, म्हणजे सांध्यांसोबत सगळ्या शरीराला धरणारा बालसंधिवात. "तीन वर्षांच्या पोरीला संधिवात?" सासूबाईंचा प्रश्न माझाही होता.

स्टिरॉइडचं औषध कडूजहर. पाठोपाठ गुळाचा खडा द्यावा लागतो. काही लसी पुढे ढकलल्यात. डॉक्टरांनी बजावलंय: ताप उतरायचं नावच घेईना, पोर मलूल झाली किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर फोनही न करता थेट दाखल व्हायचं. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

सहा वाजले की मी अजून तिचा फ्रॉक वर करून पोट बघते. तिला वाटतं, गुदगुल्या करायला आले.