पान ११३ ते १२८

एकच पुस्तक तिसऱ्यांदा घरात आलं तेव्हा ठरवलं, आता यादी करायचीच. दुसऱ्यांदा आलं होतं तेव्हा हसून सोडून दिलेलं, म्हटलं देऊ कुणाला तरी भेट, पण तिसरी प्रत हातात धरून कपाटासमोर उभी राहिले आणि आधीच्या दोन्ही प्रती दोन वेगवेगळ्या फळ्यांवर सापडल्या तेव्हा खरंच लाज वाटली. त्यातल्या एकीत माझ्याच पेन्सिलच्या खुणा. म्हणजे वाचलेलंही होतं!

सुरुवात एक्सेलने केली. नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती असं टाइप करत बसले आणि चाळीसेक पुस्तकांतच जीव मेटाकुटीला आला, मग कुणीतरी सांगितलं अगं फोनने बारकोड स्कॅन कर, सगळं आपोआप भरतं. भरतं खरं. नवी पुस्तकं सटासट होतात, कॅमेरा धरला की बीप, पुढचं. एका दुपारी दीडशे झाली आणि मी स्वतःवर जाम खूश. मग एक कादंबरी स्कॅन केली आणि स्क्रीनवर आलं शाळेचं गणिताचं गाइड. पुन्हा केलं, पुन्हा गाइड. प्रकाशकाने जुन्या पुस्तकाचा नंबर नव्या पुस्तकावर छापून टाकलेला. असं करायचं नसतं, एक आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, एकाच पुस्तकाचा, पण करतात काही जण. ती कादंबरी अजून माझ्या यादीत गाइडच्या मुखपृष्ठासकट आहे, मुद्दाम बदललं नाहीये.

आयएसबीएन ही भानगड मला तोपर्यंत नीट माहीतच नव्हती. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी नंबर असतो, त्यानंतर तेरा आकडी झाला. मला वाटलं सोप्पंय, जुन्याच्या पुढे ९७८ लावलं की झाला नवा. लावलं आणि अ‍ॅप म्हणे नंबर चुकीचा. कारण शेवटचा आकडा पुस्तकाच्या ओळखीचा नसतोच, तो आधीचे आकडे बरोबर आहेत का हे तपासायचा आकडा असतो. तेरा आकडीत पहिल्या बारा आकड्यांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. दहा आकडीत हिशोबच वेगळा, तिथे ११ ने भाग जावा लागतो, म्हणून काही जुन्या पुस्तकांच्या नंबरात शेवटी चक्क एक्स असतो कारण दहा हा एका घरात बसत नाही. मी तो एक्स इतकी वर्षं छपाईची चूक समजत होते.

आणि १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तर नंबरच नाही, कारण ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर आली तीच त्या साली. ती सगळी हातानेच भरायची. पण खरं सांगू का, यादीचा सगळ्यात मजेचा भाग तोच होता. स्कॅन केलेलं पुस्तक आपण उघडतही नाही. हाताने भरायचं तर मुखपृष्ठ उलटावं लागतं, आतलं पान बघावं लागतं, कुठली आवृत्ती, कुणाचं चित्र, कुणाची सही. त्यात एक बसचं तिकीट सापडलं, एक वाळलेलं पान सापडलं आणि आतल्या पानावर दुसऱ्याचं नाव असलेली अकरा पुस्तकं सापडली. अकरा! मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलेय की लोक माझी पुस्तकं नेतात आणि परत देत नाहीत. ‘कोणाला दिलंय’ असा रकाना मी मोठ्या तावातावाने केला होता, त्याच्या शेजारी गुपचूप ‘कोणाचं आणलंय’ हाही करावा लागला. त्यातली सात परत केली. दोघांना आठवतही नव्हतं. एकाने मात्र पुस्तक हातात घेतलं, आणि एक अक्षर न बोलता माझ्याकडे असं काही बघितलं की बास.

मराठी पुस्तकांची वेगळीच तऱ्हा. बरीचशी कुठल्या डेटाबेसमध्ये सापडतच नाहीत, आणि सापडली तर तीन तीन वेळा सापडतात, एकदा देवनागरीत, दोनदा रोमन लिपीत दोन वेगळ्या स्पेलिंगने, म्हणजे एकाच लेखकाचे तीन लेखक. स्वतः टाइप केलं तरी सुटका नाही. आद्याक्षरांच्या टिंबानंतर कधी स्पेस दिली कधी नाही दिली की झाले दोन लेखक. सगळ्यात छळलं ते ‘ॲ’ ने. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकतर आख्खं एकच अक्षर म्हणून नाहीतर ‘अ’ वर चंद्र देऊन, दिसायला दोन्ही सारखीच पण कम्प्युटरच्या लेखी वेगळी, त्यामुळे शोधलं की निम्मी पुस्तकं गायब. आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावं यादीच्या शेवटी शोधत बसले होते, कारण आपण बाराखडी तशी शिकलो, पण कम्प्युटरला क्ष म्हणजे क आणि ष, तो त्यांना बिनधास्त ‘क’ मध्ये बसवतो.

मध्ये एकदा अंगात आलं की ग्रंथालयासारखे नंबर द्यावेत. ड्यूई दशांश पद्धत, १८७६ ची, सगळं ज्ञान ० ते ९९९ मध्ये. आठशेचा आख्खा गठ्ठा साहित्याला, त्यात इंग्रजीला ऐसपैस ८२० आणि आपलं सगळं मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये, दशांश चिन्हाच्या पलीकडे कोपऱ्यात अंग चोरून उभं. माझ्या घरातली पाऊण कपाटं त्या एका नंबरात गेली असती. सोडला तो नाद. आता फक्त कपाट २, फळी ३ एवढंच लिहिते आणि पुस्तक सापडतं, बस.

यादी ऑनलाइन टाकायचं डोक्यातही नव्हतं. लायब्ररीथिंग या पुस्तकांच्या याद्यांच्या साइटवर टाकली ती केवळ फोन बिघडला तर काय म्हणून. ही साइट २००५ पासून आहे, आधी फुकटात २०० च पुस्तकं टाकता यायची, २०२० पासून ती अट गेली. गुडरीड्स या दुसऱ्या साइटवर माणसं जास्त, पण तिथे गप्पा ‘काय वाचतेय’च्या, इथे ‘काय आहे’च्या, आणि मला दुसरं जास्त आवडतं. जग सोडून गेलेल्या लोकांच्या लायब्रऱ्याही इथे आहेत! सभासदांनी जुन्या याद्यांवरून त्या भरल्यात, त्यात अमेरिकेचा एकेकाळचा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचीही आहे. त्याने १८१५ मध्ये आपली ६४८७ पुस्तकं अमेरिकन काँग्रेसला विकली होती, आणि त्याने ती स्मृती, बुद्धी, कल्पना अशा तीन भागांत लावलेली. कपाट २ फळी ३ पेक्षा बरंच भारदस्त वाटतं ऐकायला.

एक मात्र करा, यादी कुठेही ठेवा पण वर्षातून दोनदा तिची फाइल उतरवून घ्या. शेल्फारी नावाची अशीच एक साइट होती, २००६ ला निघाली, दोन वर्षांत ॲमेझॉनने घेतली आणि २०१६ ला बंद करून गुडरीड्समध्ये मिसळली. गुडरीड्सही २०१३ पासून त्यांचीच. आपली पुस्तकं कपाटात सुखरूप असतात पण त्यांच्याबद्दल आपण जे लिहिलेलं असतं ते दुसऱ्याच्या कम्प्युटरवर असतं.

बरं, मूळ गोष्ट राहिलीच. लायब्ररीथिंगवर आपल्यासारखी पुस्तकं कुणाकडे आहेत ते दिसतं. मी आधी सगळ्यात जास्त पुस्तकं जुळणाऱ्यांकडे गेले, काही हाती लागलं नाही, कारण जुळलेली सगळी ती सगळ्यांकडे असतातच ती होती. त्यावरून काय कळणार माणसाचं? मग दुसऱ्या टोकाने गेले. असं पुस्तक जे माझ्याकडे आणि अजून एकाच कुणाकडे आहे. एक निघालं, मधमाश्यांवरचं एक पातळसं जुनं पुस्तक. माझ्या प्रतीत बांधताना घोळ झालाय. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात, माझ्यात सातवा फॉर्मा दोनदा आलाय आणि आठवा नाहीच, म्हणजे पान ११२ संपलं की पुन्हा ९७. राणीमाशी पोळं सोडून निघते आणि पुढे काय ते मला माहीतच नाही. टिपेच्या रकान्यात मी नुसतं लिहून ठेवलं होतं, ‘पान ११३ ते १२८ नाहीत’. कुणासाठी नाही, माझ्यासाठीच.

त्या दुसऱ्या प्रतीवाल्यांना मी लिहिणार कधी, रोज उद्यावर ढकलत होते, तेवढ्यात त्यांचाच मेसेज आला. नमस्कार, तुमची टीप वाचली, माझ्या प्रतीत ती पानं आहेत, फोटो पाठवू का? आणि लगेच पुढे, माझ्या प्रतीचं पहिलं पान फाटलंय, साल कळत नाही, तुमच्यात असेल तर सांगाल का. मी उठून कपाट ४, फळी १ वरून पुस्तक काढलं आणि पहिल्या पानाचा फोटो पाठवला.

संध्याकाळी नऊ फोटो आले. आठ पुरले असते असं मला वाटत होतं, मग लक्षात आलं की ११३ उजवीकडचं पान, त्यामुळे पहिल्या फोटोत ११२ आणि शेवटच्यात १२९ पण आलंय. प्रिंट काढून पुस्तकात ठेवलेत. सहाव्या फोटोत एका ओळीच्या शेवटी त्यांचा अंगठा आलाय, त्याच्याखाली एक शब्द आहे, ‘आणि मग सगळ्या माश्या एकदम’ एवढंच दिसतं. विचारलंय त्यांना. आज रात्री बघून सांगते म्हणाल्यात.