लिंबूटिंबूंसमोरची सरासरी

मोसम संपला की आमच्या क्लबात सरासरीची वही फिरते. ती मीच भरतो, कारण स्कोअरिंग माझ्याकडे. यंदा पहिल्या नंबरचा आकडा बघून सगळे हबकले. मला काहीच वाटलं नाही, कारण त्याच्या त्या नाबाद द्विशतकाची एकेक धाव मीच टिंबाटिंबाने मांडली होती. डिसेंबरचं ऊन, रोलर फिरवून फिरवून फरशीसारखी केलेली विकेट, गवताचं पातं नाही. बॉल ना उसळतोय ना वळतोय. समोर कुठल्याशा ऑफिसची टीम, तीही नऊ जणांची. जेवणानंतर त्यांच्या कीपरने पॅड काढून बॉलिंग टाकली. आमच्या पठ्ठ्याने वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. घ्यावेतच, त्याचा काय दोष?

पण गणित बघा. 20 डावांत प्रत्येक वेळी आउट होऊन 700 धावा केल्या, तर सरासरी 35. एकविसाव्या डावात नाबाद 250 काढा, की 950 भागिले 20, म्हणजे साडेसत्तेचाळीस. नाबाद राहिल्यामुळे भागायचा आकडा 20 वरच राहतो. एका दुपारीत साधा बरा बॅट्समन एकदम थोर.

आता कांगा लीग घ्या, मुंबईतल्या क्लबांची स्पर्धा. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळतात. आझाद मैदानावर रात्रभर पाऊस पडून गेला की विकेट ओली, बॉल टप्पा पडून थांबून येतो आणि मध्येच एखादा छातीवर उठतो. आउटफिल्डला गवत इतकं, की खणखणीत कव्हर ड्राइव्हही चिखलात रुतून बसतो. उचलून मारायचं, नाहीतर पळून धावा काढायच्या. यंदा जुलैत आमच्या एका पोराने तिथे 31 काढल्या. अंगावर घेऊन, बोटं शेकून, शिव्या खात. वहीत त्या 31 च. उलट त्या डावाने त्याची सरासरी घसरली!

मोठ्या क्रिकेटातही हेच. विनोद कांबळीची कसोटी सरासरी 54.20. 17 कसोट्या, 1084 धावा. आपल्याकडे कट्ट्यावर कुणीतरी हा आकडा तोंडावर फेकतोच. 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत त्याने 224 आणि 227 ठोकल्या. हे दोन डाव बाजूला ठेवा, उरलेल्यांची सरासरी 35 च्या आसपास येते. 227 दिल्लीत, झिंबाब्वेसमोर. त्यांना कसोटी खेळायला लागून वर्षही झालं नव्हतं. वानखेडेवरच्या 224 ला मात्र मी लिंबूटिंबू म्हणणार नाही, इंग्लंडच्या स्पिनर्सना त्याने पुढे येऊन ज्या तऱ्हेने फोडलं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण सरासरीला दोन्ही सारख्याच.

आणि उलटं उदाहरण गावसकरांचं. मार्च 1987, बंगळूर, पाकिस्तानसमोर शेवटचा कसोटी डाव. विकेट अशी की इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या त्यांच्या स्पिनर्सनी सामन्यात नऊ-नऊ बळी घेतले. जिंकायला 221 हवे होते, आपण 204 वर गारद. बाकी एकाही बॅट्समनला तीस गाठता आले नाहीत, आणि या खडूस माणसाने 96 काढल्या. तोवर दहा हजारांवर धावा झालेल्या, त्या ढिगात 96 ने सरासरी हलणार ती किती! मला विचाराल तर त्यांच्या कुठल्याही शतकाआधी मी तो डाव धरीन. माझ्या मित्राला हे पटत नाही. तो 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या गावसकरांच्या 774 धावांवर अडून बसलेला असतो, त्याला मी म्हणतो, तेव्हा वेस्ट इंडीजकडे तो नंतरचा चार फास्ट बॉलर्सचा तोफखाना कुठे होता?

यंदापासून मी वहीत दोन रकाने केलेत: एक पावसाळ्याचा, एक कोरड्या विकेटवरचा. सेक्रेटरी म्हणाले, "काय रे, कशाला हा उपद्व्याप?" पण पुढच्या जुलैत ओपनिंगला कोणाला पाठवायचं हे ठरवताना कॅप्टनने पहिला रकाना मागून घेतला. द्विशतकवीर त्यात सहाव्या नंबरवर आहे आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.