फाइव्ह पॉइंट स्केलवर सगळं बरं चाललंय

फेब्रुवारी उजाडला की आमच्या गोव्यात दोन सीझन एकदम सुरू होतात, एक काजूचा आणि दुसरा गुगल फॉर्मचा. काजूचं सगळ्यांना माहीत असतं, फॉर्मचं आम्हा कॉमर्स मॅनेजमेंट शिकवणाऱ्यांना विचारा. बीबीएची पोरं, एम.कॉम.ची पोरं, पीएचडी करणारे सहकारी, सगळ्यांचा मेसेज एकच, "सर प्लीज भरा ना, दोनच मिनिटं, आणि तुमच्या ग्रुपवर पण टाका हां." मग भरायचं. वर नाव असतं अ स्टडी ऑन कस्टमर सॅटिस्फॅक्शन टुवर्ड्स अमुकतमुक विथ स्पेशल रेफरन्स टू बार्देश तालुका. अमुकतमुकच्या जागी सुपरमार्केट घाला, यूपीआय घाला, स्कूटर घाला, बँक घाला, खालचे प्रश्न तेच. आणि त्यांच्यापुढे ते पाच गोल, पूर्णपणे असहमतपासून पूर्णपणे सहमतपर्यंत, हीच ती फाइव्ह पॉइंट स्केल.

मी स्वतः ह्याच गिरणीतला माणूस, शिकवतो पण आणि प्रोजेक्ट गाइड पण करतो, त्यामुळे लांब उभं राहून हसतोय असं समजू नका. पण आता जरा स्पष्ट बोलावंसं वाटतंय. मॅनेजमेंटचा रिसर्च म्हणून आपण इथे जे काय करतो त्यातलं बरंचसं म्हणजे लोकांना "कसं काय वाटतं" विचारायचं आणि आलेल्या उत्तरापुढे दोन दशांश स्थळं लावायची. दुकान प्रत्यक्ष चालतं कसं, माल कुठे अडकतो, पैसा कुठे गळतो, ते बघायला कोण जात नाही.

आता तो ३८४ चा आकडा घ्या. मॅनेजमेंटचे थिसिस चाळायला लागलात की सॅम्पल साइज, म्हणजे किती लोकांना विचारलं तो आकडा, ३८४ हे इतक्या वेळा भेटतं की देवाचा अंक वाटावा. हा येतो क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून. गणित सोपं आहे, ९५ टक्के खात्री हवी, चूक ५ टक्के इकडेतिकडे चालेल, लोक अर्धे अर्धे वाटलेले धरले, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, झाले ३८४. गंमत म्हणजे लोकसंख्या एकदा मोठी झाली की तिचा फारसा संबंध राहत नाही. पणजी शहर धरलं, २०११ च्या जनगणनेत साधारण ४० हजार, तर तक्ता सांगतो ३८०. अख्खा गोवा धरला, तेव्हाचे १४ लाख ५८ हजार, तरी ३८४. अख्खा देश धरलात तरी तेवढेच. पोरांना हे पटत नाही, पण खरं आहे आणि सुंदर आहे.

फक्त त्यात एक अट आहे, ती तक्त्याबरोबर कोणी कॉपी करत नाही. सॅम्पल रँडम पाहिजे. म्हणजे पणजीतल्या प्रत्येक माणसाला निवडून यायचा सारखा चान्स पाहिजे. आपला फॉर्म जातो कुठे, तर कॉलेजचा ग्रुप, मामेभावंडांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि मैत्रिणीच्या आईचा भजनी मंडळाचा ग्रुप. असे ३८४ आले काय आणि ३,८४० आले काय, ते तुमच्या ओळखीचे लोक आहेत, बार्देश तालुका नव्हे. मग त्यावर एररचं मार्जिन ५ टक्के म्हणून लिहायचं म्हणजे कमाल आहे!

बरं, प्रश्न तरी कुठले? सर्व्हिसचा विषय असला की सर्व्हक्वाल आलंच. परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तिघांनी १९८८ साली हे माप मांडलं, २२ वाक्यं, पाच भाग, आधी तुमची अपेक्षा काय ती विचारायची आणि मग अनुभव काय आला तो, दोन्हींमधला फरक म्हणजे क्वालिटी. १९९२ साली क्रोनिन आणि टेलर म्हणाले अपेक्षा कशाला विचारता, नुसता अनुभव पुरे. हा वाद अजून मिटलेला नाही, पण तो शहाण्या लोकांचा वाद आहे. त्या तिघांनी सुद्धा आधी अमेरिकेतल्या बँका, क्रेडिट कार्ड, रिपेअरवाले अशा ठिकाणच्या ग्राहकांना गटागटाने बसवून बोलतं केलं होतं, मॅनेजर लोकांशी बोलले होते, त्यातून मग ती वाक्यं आली. आपण ती बसून बोलायची पायरी सोडली आणि वाक्यं तेवढी उचलली. त्यामुळे होतं काय, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईकडून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचं, इथली उपकरणं आधुनिक आहेत का, कर्मचारी नीटनेटके दिसतात का. पुढे गोणपाट, एक तराजू, हिरव्या मिरच्यांचे वाटे आणि डोक्यावर छत्री बांधलेली. सहमत की असहमत?

आणि लोक चांगले असतात हो, हाच तर प्रॉब्लेम. एका पोरीबरोबर मी बाजारात गेलो होतो, ती एका भुसारी दुकानापाशी गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घेत होती. एक आजी आल्या, पिशवीत नारळ, एका हातात चष्मा. पोरीने पहिला प्रश्न वाचला, आजींनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुका जाय तें घाल गो बाय, पास जा म्हणजे जालें." म्हणजे तुला हवं ते घाल, पास झालीस की झालं. पुढच्या माणसाने सगळ्याला ४ दिले. त्याच्या मागच्याने सगळ्याला ५. एक जण जरा कुरकुऱ्या होता, त्याने सगळ्याला ३ दिले.

आता ह्याचं पुढे काय होतं ते बघा. हा डेटा एसपीएसएस ह्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि क्रॉनबॅकचा अल्फा काढला तर तो झक्कास येणार. अल्फा एवढंच सांगतो की एका माणसाची वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात. एकाने सगळीकडे ५, दुसऱ्याने सगळीकडे ४, तिसऱ्याने सगळीकडे ३, असं झालं तर अल्फा बरोबर १. परफेक्ट! ०.७ च्या वर आला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि तिथे प्रत्यक्षात कोणी प्रश्न वाचलेलेच नाहीत. मधे दोनचार उलटी वाक्यं, म्हणजे चांगल्याच्या जागी वाईट विचारणारी, घातली तर हे लगेच उघडं पडतं, पण उलटी वाक्यं घातली की अल्फा पडतो, आणि अल्फा पडला की गाइड म्हणतात ती वाक्यं काढून टाका. काढतात.

सगळ्यात कहर म्हणजे खाणींवरचे फॉर्म. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, परत २०१८ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद. डिचोली सत्तरीकडे ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाच्या गाड्या, सगळी साखळी बसली. ह्या विषयावर माझ्याकडे आलेल्या एका फॉर्ममध्ये प्रश्न होता, "खाणबंदीमुळे माझ्या उत्पन्नावर परिणाम झाला", आणि खाली पाच गोल. अरे बाबा, ज्याचा ट्रक दारात उभा राहून गंजला त्याला तू हे विचारतोस? त्याला विचार ट्रकचा हप्ता किती होता, किती महिने भरला, कोणाकडून उसने घेतले, ट्रक शेवटी कितीला गेला, मुलाचं कॉलेज सुटलं का. ही सगळी उत्तरं आकड्यात येतात, आणि तो माणूस ती घडाघडा सांगेल, कारण रात्री झोप न येता त्याने तेच हिशोब केलेत.

म्हणजे मॅनेजमेंटचा चांगला रिसर्च असतच नाही का? असतो की, आणि तो बघायला हार्वर्डला जायला नको. तारापूर आणि उंबरगाव, मुंबईच्या वर, तिथल्या कापड गिरण्यांवर ब्लूम, महाजन, मॅकेन्झी वगैरे मंडळींनी केलेलं काम २०१३ साली छापून आलं. मी वर्गात दर वर्षी सांगतो. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून काही महिने फुकट कन्सल्टंट दिले, काहींकडे फक्त महिनाभर तपासणी करून सोडून दिलं, म्हणजे तुलनेला कोणीतरी राहावं. आणि कन्सल्टंटनी सांगितलं काय, तर व्हिजन मिशन काही नाही. मशीन बंद पडलं की लिहून ठेवा. कापडात खोट कुठली निघाली ती रोज नोंदवा आणि रोज त्यावर बसून बोला. सुताच्या गोदामात कुठलं सूत कुठे आहे त्यावर चिठ्ठी लावा. जमिनीवर पडलेली हत्यारं उचला. अशा ३८ साध्या गोष्टी. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालक लोक आधी का करत नव्हते, मूर्ख होते का? अजिबात नाही. काही गोष्टी त्यांना माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांचा फायदा होईल असं वाटत नव्हतं, आपला धंदा नफ्यात चाललाय ना, मग कशाला. आणि त्यातच एक गोष्ट सापडली, ती वाचून मी पेपर बाजूला ठेवून जरा वेळ हसलो होतो. कंपनी किती मोठी होणार हे मॅनेजमेंट बरी आहे की वाईट ह्याच्यापेक्षा घरात पुरुष माणसं किती आहेत ह्याच्याशी जास्त जुळत होतं. कारण गल्ल्यावर बाहेरच्याला बसवायचा विश्वास नाही. भाऊ दोन तर कारखाने दोन. फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या कुठल्याही जुन्या दुकानाच्या पाटीवर अँड ब्रदर्स, अँड सन्स वाचा आणि मग शाखा मोजा. पण ह्यावर फॉर्म कसा काढणार? "माझा माझ्या मॅनेजरवर विश्वास आहे", पूर्णपणे सहमत, संपलं.

स्ट्रॅटेजीच्या बाबतीत तर लोकांना नुसतं विचारण्यात अजून एक घोळ असतो. होंडाची गोष्ट मॅनेजमेंट शिकलेल्या सगळ्यांना माहीत असेल. १९७५ साली बोस्टन कन्सल्टिंग ह्या सल्लागार कंपनीने ब्रिटिश सरकारला रिपोर्ट दिला, त्यात होंडाचं अमेरिकेतलं यश म्हणजे पद्धतशीर डावपेच, छोटी गाडी, प्रचंड उत्पादन, कमी खर्च वगैरे. मग पास्कल नावाच्या प्रोफेसरने प्रत्यक्ष ती अमेरिका मोहीम चालवणाऱ्या होंडाच्या माणसांना गाठलं आणि १९८४ साली लिहिलं की तसं काहीच नव्हतं. १९५९ साली ते लॉस एंजेलिसला मोठ्या मोटरसायकली विकायला गेले होते, त्यांचं तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले, आणि ती ५० सीसीची बारकी गाडी हे लोक स्वतः कामाला फिरायला वापरत होते, ती रस्त्यात बघून लोकांनी विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे पण कोणाही यशस्वी गेस्टहाऊसवाल्याला विचारा, आज तो तुम्हाला टार्गेट सेगमेंट सांगेल, आणि सुरुवात झालेली असते घरातली एक खोली रिकामी होती म्हणून.

डेटाच्या बाबतीत परदेशातले संशोधक फार सोवळे आहेत असंही नाही हां. प्रामाणिकपणावरचाच एक गाजलेला पेपर, फॉर्मवर सही वरती घेतली की लोक खरं लिहितात असा, २०१२ चा, तो २०२१ साली मागे घेतला गेला, कारण डेटा बनावट निघाला. पकडला कसा, तर मूळ शीट उघडून. त्या फॉर्मवर लोकांनी गाड्या किती चालल्या म्हणून लिहिलेले आकडे शून्यापासून ५० हजार मैलांपर्यंत एकसारखे पसरलेले होते आणि ५० हजारला कापल्यासारखे थांबत होते. खरी माणसं अशी गाड्या चालवत नाहीत. मी पण आता पोरांचा चार्ट बघायच्या आधी शीट मागतो. रात्री दीडनंतर मिनिटाला एक अशा वेगाने बार्देश तालुका जागा होऊन फॉर्म भरताना दिसला की काय ते कळतं.

तर आता माझ्याकडे प्रोजेक्टला येणाऱ्यांना मी सांगतो, काहीतरी मोजून आणा. एका मुलीच्या मामाचं हार्डवेअरचं दुकान, तिने गल्ल्याशेजारी एक वही ठेवली आणि गिऱ्हाइकाने मागितलं पण दुकानात नव्हतं असं सगळं लिहायला लावलं. मामाचा भाचा लिहायचा, अक्षर भयंकर. "ताडपत्री मोठी, नाही, दुसरीकडे गेला." "ताडपत्री, नाही." "अर्धा इंची कोपर, नाही, मग पाइप पण नको म्हणाला." शेवटची नोंद वाचा परत. कोपर, म्हणजे पाइप वळवायचा सांधा, नव्हता म्हणून पाइपचं बिल पण गेलं. मे महिन्याच्या पानांवर तर ताडपत्रीशिवाय काही नव्हतं, पावसाच्या तोंडावर सगळ्या गावाला एकदमच पाहिजे असते. आणि ह्याच मामांनी आधीच्या कुणाच्यातरी फॉर्ममध्ये "ग्राहकाला हवा तो माल नेहमी उपलब्ध असतो" ह्यापुढे पूर्णपणे सहमत केलं होतं, आणि खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी वही उघडलीच नाही. हायपोथिसिस कुठे आहे, एन (म्हणजे सॅम्पल) किती, टेस्ट कुठली लावली. पोरगी बिचारी गप्प. मग मी मधे पडलो, मार्क बरे पडले, पण ज्याने यूपीआयवर ३८४ फॉर्म आणले होते त्याला तिच्यापेक्षा जास्त. चालायचंच.

मामा आता ताडपत्री एप्रिलमध्येच मागवतात. वही मात्र बंद पडली, कारण लिहिणारा भाचा वास्कोला नोकरीला लागला आणि मामांना गल्ला सोडून वेळ नाही. तारापूरला ते संशोधक काही वर्षांनी परत गेले होते, २०२० च्या पेपरमध्ये लिहिलंय, सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या कारखान्यांनी सोडून दिल्या होत्या, आणि लोकांनी सांगितलेल्या मोठ्या कारणांमध्ये हीच दोन, मॅनेजर बदलला आणि मालकाला वेळ नाही. तरी न शिकवलेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोचल्या होत्या. म्हणून त्या मुलीला मी म्हटलंय, एम.कॉम.ला आलीस की हाच विषय घे, वही बंद का पडली आणि आसपासच्या दुकानांत कोण काय लिहून ठेवतं. तयार आहे ती. फक्त विचारत होती, सर ह्याला स्केल कुठली वापरायची?