पाठ करून बसलेला भाऊ

अपंग आणि अपंग नसलेली माणसं एकत्र खेळतील, गातील, चित्रं काढतील असे उपक्रम आखणं हे माझं काम. त्या रविवारी आमच्या सभागृहात बॉचाचे, म्हणजे बसून चेंडू नेमानं टाकायच्या खेळाचे, सामने होते आणि सेरेब्रल पाल्सी असलेला एक तरुण मोठ्या भावाबरोबर पहिल्यांदाच आला होता. हात-पाय त्याच्या ताब्यात नाहीत. बोलणं होतं ते अक्षरांच्या पारदर्शक फलकावरून: समोरच्यानं फलक धरायचा, त्याची नजर कुठल्या अक्षरावर थांबते ते पाहायचं आणि शब्द जुळवायचा.

नाव मी त्याला विचारलं, उत्तर भावानं दिलं. लाल चेंडू की निळे? "लाल चालतील," भाऊ म्हणाला. फलक पिशवीतच राहिला. यात दुष्टपणा कणभरही नव्हता. वर्षानुवर्षं एका माणसाचं सगळं केलं की त्याच्या मनातलं आपल्याला आधीच कळतं असं वाटू लागतं, आणि पुष्कळदा ते कळतंही. पण ज्याच्या वतीनं सतत दुसराच बोलतो, त्याला काही ठरवायची वेळच येत नाही. बरेच उपक्रम इथेच फसतात, दारात उतार असूनही.

बॉचा १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद मैदान. आधी पांढरा चेंडू टाकायचा, त्याला म्हणायचं जॅक. मग एका बाजूनं सहा लाल, दुसऱ्या बाजूनं सहा निळे चेंडू जॅकच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. चेंडू साधारण पावणेतीनशे ग्रॅमचे, काही मऊ, काही कडक. मऊ चेंडू पडला तिथेच बसतो, कडक चेंडू दुसऱ्यांना ढकलत पुढे जातो. कुठला कधी वापरायचा यातच निम्मा खेळ. आमच्याकडे सगळेच बसून खेळतात, चालता येणारेही. जॅकपाशी उभं राहून एकजण टाळी वाजवतो, त्या आवाजावर अंध खेळाडू नेम धरतात. पंच कुणाची पाळी ते लाल-निळ्या फलकानं दाखवतो, त्यामुळे कर्णबधिरांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

हातानं चेंडू टाकता येत नाही त्यांच्यासाठी पन्हळीसारखा रॅम्प असतो. डोक्याला पट्ट्यानं दांडी बांधायची, तिच्या टोकानं चेंडू रॅम्पवर अडवून धरायचा आणि मान उचलली की तो घरंगळत जातो. रॅम्प हलवायला मदतनीस घेता येतो. पण त्यानं मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून पाहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. हा नियम मी भावाला सांगितला तेव्हा तो गडबडला.

"अहो ताई, मला काही दिसलंच नाही तर मी मदत काय करणार?"

"रॅम्प हलवायचा, तो सांगेल तसा. बाकी त्याचं तो बघेल."

मैदानाकडे पाठ म्हणजे तोंड खेळाडूकडे. भावाला आता भावाच्या डोळ्यांशिवाय पाहायला काही उरलं नव्हतं. नजर डावीकडे, की रॅम्प डावीकडे. वर पाहिलं की चेंडू आणखी उंचावरून सोडायचा, डोळे मिटले की बास. हे त्यांनी दोघांनी तिथेच ठरवलं. पहिल्या दोन चेंडूंना इतका वेळ लागला की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. हे नेहमीचंच आहे आणि मी त्यासाठी वेळापत्रक सैल ठेवते. घाई झाली की सगळ्यात आधी अशाच माणसाचा वाटा कापला जातो.

समोर खेळत होत्या एक निवृत्त शिक्षिका, डोळे-हात धडधाकट आणि नेम पक्का. त्यांचा निळा चेंडू जॅकला जवळजवळ चिकटलेला. ह्याचे दोन लाल थोडे मागे, उजवीकडे. शेवटच्या चेंडूसाठी भावानं मऊ चेंडू उचलला. त्याची नजर हलली नाही. दुसरा मऊ, तरी नाही. कडक चेंडू समोर धरला तेव्हा डोळे मिटले. मग नजर वर. आणखी वर. भावाचा हात रॅम्पच्या वरच्या टोकाला टेकला.

"एवढ्या वरून? अरे, लांब जाईल ना!" मान वळू लागली होती. पंचांनी "मागे बघायचं नाही," म्हणताच ती थांबली. मग त्यानं चेंडू सांगितला तिथे ठेवला.

चेंडू वेगानं गेला, जॅकच्या डाव्या अंगाला घासला. जॅक हलला, पण वीतभरच. शिक्षिकाबाई खुर्चीतून ओरडल्या, "जॅकच त्याच्या चेंडूंकडे ढकलणार होता हा! अजून जरा मधोमध लागला असता तर मी गेलेच होते!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या, मघापासून त्याच्या प्रत्येक चेंडूला वाजत होत्या तशाच. त्याचा चेहरा आक्रसला. भावानं पिशवीतून फलक काढला आणि अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली: ह-र-लो. मग: टा-ळ्या का.

टाळ्या थांबल्या. कुणी उत्तर दिलं नाही, आणि मीही सावरून घ्यायला गेले नाही. प्रश्न बरोबर होता. अपंग माणूस नुसता मैदानात आला म्हणून टाळ्या पडत असतील, तर त्याच्या चांगल्या चेंडूला आपल्याजवळ वेगळं द्यायला काय उरतं? पुढच्या फेरीत त्याचा पहिला चेंडू भरकटला तेव्हा सगळे शांत बसले. दुसरा जॅकला चिकटला तेव्हा शिक्षिकाबाई कपाळाला हात लावून "अरे देवा" म्हणाल्या. त्यावर तो जे हसला, ते मघाच्या सगळ्या टाळ्यांवर नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला. त्याच्या ३०व्या कलमात सांस्कृतिक जीवन, करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांत इतरांच्या बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क आहे. बरोबरीत हरणंही आलं, आणि आपला डाव आपण चुकवणंही. एकास बाराचा उतार, व्हीलचेअर वळायला दीड मीटर मोकळी जागा, गोंगाट असह्य होणाऱ्यांसाठी शांत खोली ही तयारी आम्ही करतोच, आणि त्यात कसूर चालत नाही. पण निर्णय कुणाच्या हातात राहील हे मोजपट्टीनं कळत नाही. म्हणून आता चित्रकलेच्या वर्गातही मदतनिसानं कागदाकडे न बघता चित्रकाराकडे बघून बसायचं, रंग त्यानं दाखवल्यावरच उचलायचा. काही पालकांना हे कठोर वाटतं. चित्र कमी सुबक होतं हे खरं आहे, आणि ते मला मान्य आहे.

त्या तरुणाला आता पंच व्हायचंय. नियम त्याला आमच्यापेक्षा चोख पाठ आहेत, अडतंय ते लाल-निळा फलक उचलण्यात. सध्या आम्ही एक लाल आणि एक निळा दिवा जोडून बघतोय, डोक्याच्या दांडीनं दाबता येतील अशा दोन मोठ्या बटणांवर. पहिलं बटण त्यानं नापास केलं. दाबल्यावर खूप आत जातं, म्हणून मान दुखते म्हणाला.