चारित्र्याचा दाखला आणि प्रबळमाचीची वाट

जूनमध्ये ऐरोलीतल्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. सातवी-आठवीची साठ मुलं, एक दिवसाचा ट्रेक, पनवेलजवळच्या प्रबळगडाची प्रबळमाची. मी लगेच सांगून टाकलं की पावसात मुलांना नेणार नाही, डिसेंबर धरा. त्या तयार झाल्या. खर्च, जेवण, बस असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या सगळ्या लीडर्सचे पोलिसांचे चारित्र्याचे दाखले लागतील हं. आणि पर्यटन खात्याची नोंदणी असेलच ना?"

"हो हो, पाठवतो," मी म्हणालो. दोन्हीपैकी काहीही नव्हतं.

सतरा वर्षं शनिवार-रविवार लोकांना डोंगरात नेतोय. पोटापाण्याची नोकरी वेगळी. २००९ साली उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमधून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, ए ग्रेड मिळाली म्हणून पुढे ॲडव्हान्सही करता आला. एवढ्या भांडवलावर आम्हा आठ-दहा जणांचं चाललं होतं. कोणी कधी कागद मागितला नाही. त्यामुळे खरं सांगायचं तर पहिल्यांदा रागच आला. आता आम्ही चोर-दरोडेखोर का?

बायकोने राग उतरवला. ती म्हणाली, "आपल्या मुलीला कोणी अनोळखी माणूस डोंगरात घेऊन जाणार असता, तर तू काय काय विचारलं असतंस?" ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच महिन्यात शासनाने निर्णय काढून शाळांमधल्या कर्मचाऱ्यांची, कंत्राटी माणसांचीसुद्धा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. ही शाळा तोच नियम बाहेरून येणाऱ्या आमच्यासारख्यांना लावत होती. चुकीचं काय होतं त्यात?

अर्ज ऑनलाइन असतो. फोटो, सही, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि ज्या संस्थेला दाखला हवाय तिचं पत्र. हे पत्र आधी घ्या. मी ते नंतर बघू म्हणून सोडलं आणि अर्ज परत आला. फी शे-सव्वाशेच्या आसपास, पण दुसऱ्यांदा भरताना तीही टोचते. शिवाय कोणाचा अर्ज कुठे जाणार हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून घ्यावं. मी ऐरोलीत, म्हणजे नवी मुंबई आयुक्तालय. डोंबिवलीची आमची को-लीडर आणि बदलापूरचा रोपवाला ठाणे शहर आयुक्तालयात. आसनगावचा पोरगा ठाणे ग्रामीणमध्ये. लोकलने घरी जाणारी माणसं, आणि तीन वेगवेगळी पोलीस दलं. मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत कळव्याला राहत होतो, तर माझ्याबद्दल तिकडेही विचारणा झाली. डोंबिवलीचा दाखला नऊ दिवसांत आला. माझा जिथे अडकला त्या पोलीस ठाण्यात मी चार खेपा घातल्या. तीनदा "साहेब बंदोबस्तात आहेत" आणि चौथ्यांदा पाच मिनिटांत सही. त्या पाच मिनिटांत हवालदारांनी एकच प्रश्न विचारला, "हरिश्चंद्रगडाला कुठून जावं?"

खरी परीक्षा दादांची झाली.

दादा प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाडीतले. ठाकर समाजाचे, पन्नाशीचे. आम्ही त्यांना वाटाड्या म्हणतो, पण ते फक्त वाट दाखवत नाहीत. कुठल्या झाडाखाली आग्यामोहोळ बसलंय, ओढा कधी फुगेल, कुठल्या घसाऱ्यावर मुलांना एकेक करून सोडायचं, हे त्यांनी सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. माझं ॲडव्हान्सचं सर्टिफिकेट त्यांच्यापुढे मी कधी काढलेलं नाही. शाळेच्या यादीत त्यांचं नाव घातलं, कारण ते दिवसभर मुलांसोबत असणार होते. म्हणजे दाखला त्यांनाही हवा.

दादांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. त्यांच्या बायकोची १ जानेवारी, भावाचीही १ जानेवारी. ज्याला साल अंदाजे माहीत आणि तारीख माहीत नाही, त्याची नोंद अशीच झाली आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. माझ्यासारखा माणूस इथे पुरावा काढून दाखवतो. दादांनी माझ्याकडे बघून नुसता हात पसरला.

ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढला. पनवेलला जाऊन नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र केलं. दादांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. ती मी दिली, त्यांनी घेताना बरीच कुरकुर केली. मग तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. मी फाइल छातीशी धरून, काय काय सांगायचं ते मनात घोकत. आत शिरलो तर बाकावरचे जमादार उठून उभेच राहिले. "अरे दादा! आज इकडे कुठे? कोण हरवलं?"

शेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या वाटेवर, प्रबळगडाच्या जंगलात रविवारी कोणी ना कोणी चुकतं. फोन पोलिसांना जातो, पोलीस वाडीत फोन करतात, आणि रात्री टॉर्च घेऊन दादा निघतात. अशी किती माणसं खाली आणली याचा हिशेब दादांकडे नाही. ठाण्यातल्या निम्म्या लोकांना ते नावाने ओळखतात. आणि त्याच ठाण्यात आम्ही त्यांच्या चारित्र्याचा कागद मागायला उभे. जमादार हसले, पण अर्ज मात्र त्यांनी नीट, सगळ्या रकान्यांसकट तपासला. मला ते आवडलं. ओळखीवर काम झालं असतं, तर शाळेतल्या बाईंना त्या कागदाचा काय उपयोग?

दुसरं काम पर्यटन खात्याचं. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले असे साहसी उपक्रम चालवणाऱ्याने, मग ती संस्था असो, कंपनी असो की एकटा माणूस, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची. आधी ५०० रुपये भरून तात्पुरतं प्रमाणपत्र, मग सगळी कागदपत्रं आणि अंतिम नोंदणी. आमच्यासाठी कोकण विभागाचं कार्यालय बेलापूरला कोकण भवनात. ऐरोलीहून पनवेल लोकल पकडली की थेट.

आमचं मंडळ कुठेच नोंदलेलं नव्हतं. टीशर्टवर नाव होतं, बस. म्हणून अर्ज माझ्या नावाने केला, आणि फॉर्मवर सही करताना हात जरा थबकला. इतकी वर्षं "आम्ही नेतो" म्हणत होतो. काही झालं तर उत्तर द्यायचं कोणी, हे आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. आता ते ठरलं.

फाइल भरताना आणखी दोन गोष्टी उघड्या पडल्या. आमच्यातल्या एकाच्याच प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक होती; माझी कधीच संपली होती आणि मला पत्ताही नव्हता. तिघांनी पुन्हा कोर्स केला. दुसरी गोष्ट म्हणजे आपत्कालीन आराखडा. जवळचं रुग्णालय मी डोळे झाकून लिहिलं, पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे पोचायला लागणारा वेळ लिहिला, "दीड तास". दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोणाला उचलून नेलंय का कधी?"

नव्हतं नेलं. मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमच्यातल्या सर्वात हलक्या मुलाला, बावन्न किलो, रोप आणि बांबूच्या स्ट्रेचरवर बांधून प्रबळमाचीवरून पायथ्याच्या ठाकूरवाडीत उतरवलं. सहा जण, आळीपाळीने. पहिल्या दहा मिनिटांत खांदे भरून आले. दगडी उतारावर पुढचा माणूस बसतोय आणि मागचा ओरडतोय, असं चाललं होतं. स्ट्रेचरवरचा पोरगा आधी हसत होता, नंतर गप्प झाला, शेवटी म्हणाला मी चालत येतो. एरवी तासाभरात उतरतो ती वाट, दोन तास पस्तीस मिनिटं लागली. त्यापुढे पनवेलपर्यंतची गाडी वेगळी. आराखड्यात "साडेतीन तास" लिहिलं, दोन अनुभवी माणसं वाढवली आणि वाडीतल्या चार तरुणांना त्या दिवसापुरतं रोजावर ठरवलं. दर मुलामागे चाळीस रुपये वाढले. बाईंना कारण सांगितलं, त्यांनी घासाघीस केली नाही.

तात्पुरतं प्रमाणपत्र आलं आहे, अंतिमचं अजून चालू आहे. डिसेंबरात साठातली सत्तावन्न मुलं आली. एकीचा पाय मुरगळला, माचीवर चढायच्या आधीच, त्यामुळे स्ट्रेचर लागलं नाही. दादांनी तिला पाठुंगळी घेऊन वाडीत आणून सोडलं आणि परत वर येऊन आम्हाला गाठलं.

निघताना दादांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या दाखल्याच्या झेरॉक्स हव्या होत्या, पाच तरी. ठाणे शहरातल्या आणखी दोन ग्रुपनी मागितल्यात म्हणाले. मी दहा काढून दिल्या आणि एक प्लास्टिकची फाइल. ती त्यांनी टॉर्चच्या शेजारी खुंटीला टांगली.